अप्पांच्या फियाटला रंग देताना

अप्पांची फियाट २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाच दिवस पाण्याखाली होती. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या बोळात ती नेहमीच्या जागी उभी होती. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा तिचं टपही दिसेनासं झालं. आम्ही सगळे विश्रामबागला मावशीकडे. पाणी ओसरल्यावर घराचं कुलूप काढायच्या आधी अप्पा तिच्याकडे गेले. दार ओढलं तसा आतला गाळ सरकत त्यांच्या पायावर आला. सीट, स्टेअरिंगवरचा गिअरचा दांडा, काचा, सगळं एकाच मातकट रंगाचं झालं होतं.

१९६८ ची फियाट ११०० डिलाइट. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. अप्पांनी ती १९७६ साली एका डॉक्टरांकडून घेतली. मार्केट यार्डात आमची हळदीची अडत होती, त्यामुळे मागच्या सीटखालून हळदीचा वास कधी गेलाच नाही. मला शाळेत सोडणारी, आईला मिरजेच्या दवाखान्यात नेणारी, नरसोबाच्या वाडीला दर पौर्णिमेला जाणारी गाडी हीच. भंगारवाले पुरानंतर आठवडाभर गल्लीत फिरत होते. अप्पांनी त्यांना दारात उभं केलं नाही.

इंजिन लगेच खोलून धुतलं, ते वाचलं. पत्र्याचं काम मात्र राहिलं. आधी घर, मग कोविड, मग अप्पांचं गुडघ्याचं ऑपरेशन. २०२२ च्या पावसाळ्यात रंगाखाली फोड यायला लागले. बोटानं दाबलं की फोड फुटायचा आणि आत तपकिरी भुगा. त्या दिवाळीत अप्पा म्हणाले, "तिला तिच्या रंगात आण. पांढरी नको." मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. रंग आणि द्रावक फळ्यावर वीस वर्षं लिहीत आले, पण एखाद्या गाडीवर रंग चढतो तेव्हा काय काय होतं ते मी पुढच्या वर्षभरात पहिल्यांदा पाहिलं.

शंभर फुटी रोडला गॅरेजांची रांगच आहे. तिथं एका पत्र्याच्या शेडमध्ये मला चाचा भेटले. वय साठीच्या आसपास, राहणार मिरज, चाळीस वर्षं हातात रंग फवारायची गन. पहिल्या दिवशी त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, डिकी उघडून आत वाकले आणि कोपऱ्यात रुपयाएवढी जागा हजार नंबरच्या वॉटर पेपरनं पाण्यात भिजवून घासायला घेतली. गोल गोल, हलक्या हातानं. पाचेक मिनिटांत तिथं झाडाच्या खोडासारखी वर्तुळं उमटली. सगळ्यात बाहेर पांढरा, मग राखाडी सरफेसर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, मग मळकट क्रीम, पुन्हा राखाडी, मग एक अरुंद पट्टी फिक्या हिरव्याची, तिच्या आत रेड ऑक्साइडचा विटकरी, आणि मधोमध पत्रा. "ह्यो हिरवा कंपनीचा," चाचा म्हणाले. मी अप्पांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. "पिस्ता. तोच."

आरसी बुकातही रंग फिका हिरवाच होता. मधे दोनदा गाडी रंगवली गेली तेव्हा कुणी आरटीओला कळवलं नव्हतं. खरं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली रंग बदलला तर तशी नोंद करून घ्यावी लागते. म्हणजे पिस्ता रंगात गेल्यानं कागदाशी गाडीचा मेळ पुन्हा बसणार होता. व्हिंटेज नोंदणीचाही विचार केला. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी त्यात बसते. पाटीवर 'व्हीए' अशी अक्षरं मिळतात, फेरनोंदणीची फी ५,००० रुपये. पण ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल अशा कामांसाठी. अप्पांना वाडीला जायचं होतं. तो विषय तिथंच संपला. दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर, तेच चालू ठेवलं.

जुने थर उतरवायला पेंट रिमूव्हर आणला. जेलीसारखा असतो. ब्रशनं लावला की दहा मिनिटांत रंगाला सुरकुत्या पडतात आणि पत्र्यापासून तो सुटून येतो. काम बघताना समाधान वाटतं, वासही गोडसर. बॉनेट आणि टप झालं. तिसऱ्या दिवशी मी कॉलेजातून तिथं पोचले तर चाचांच्या हाताखालचा पोरगा शेडबाहेर डोकं धरून बसलेला. डिकीत वाकून आतल्या बाजूला रिमूव्हर लावत होता, उठायला गेला आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. मी डबा फिरवून बारीक अक्षरं वाचली: मिथिलीन क्लोराइड. याची वाफ हवेपेक्षा जड, डिकीसारख्या खोलगट जागेत ती साठून राहते. शरीरात गेल्यावर तिच्यातल्या काही भागाचं कार्बन मोनॉक्साइड होतं. हे मी दरवर्षी शिकवते. अमेरिकेत हे रिमूव्हर सर्वसामान्य ग्राहकांना विकणं २०१९ पासून बंद आहे. युरोपीय संघानं तर त्याही आधी, मोजके अपवाद ठेवून, कारागिरांसाठीसुद्धा ते बंद केलं. आपल्याकडं ते हार्डवेअरच्या दुकानात लांबीच्या डब्याशेजारी मिळतं. पोरगा तासाभरात ठीक झाला, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. तो एकोणीस वर्षांचा होता, माझ्या विद्यार्थ्यांच्याच वयाचा. दुसऱ्या दिवशी मी उरलेला रिमूव्हर बंद करायला लावला.

मग प्रश्न आला की बाकीचा रंग काढायचा कसा. कोरडं घासायचं तर धूळ. आणि त्या धुळीत काय असेल याचा मला अंदाज होता. पिवळा, भगवा आणि त्या काळातला हिरवा, हे रंग लेड क्रोमेटपासून केले जात. प्रशियन ब्लू आणि लेड क्रोमेटचा पिवळा एकत्र केला की क्रोम ग्रीन. त्यात भरपूर पांढरा घातला की पिस्ता. अंदाजावर मला थांबायचं नव्हतं. माझा एक जुना विद्यार्थी सराफ कट्ट्यावर सोन्याचा कस लावतो, कॅरेट मोजायचं एक्स-रे मशीन आहे त्याच्याकडं. नखाएवढी खपली एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्याकडं नेली. त्यानं ती मशीनच्या छोट्या खिडकीवर ठेवली, झाकण लावलं, मिनिटभरात पडद्यावर रेषा आल्या. "बाई, शिसं चांगलंच दिसतंय की यात. आणि क्रोमियम." लोखंडही दिसत होतं, प्रशियन ब्लूमध्ये ते असतंच, पण ते खपलीला चिकटलेल्या गंजाचंही असू शकतं. सोन्यासाठी जुळवलेल्या मशीनचे आकडे रंगाला लावता येत नाहीत, म्हणून किती टक्के ते मी लिहून घेतलं नाही. शिसं आहे, एवढं पुरेसं होतं.

आपल्याकडं रंगातल्या शिशावर नियम आहे. २०१६ साली अधिसूचना निघाली आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला: घरगुती आणि सजावटीच्या रंगात दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको. घरगुती आणि सजावटीच्या, एवढंच. गाडीचा रंग त्यात येत नाही. युरोपात लेड क्रोमेटचे रंग २१ मे २०१५ नंतर खास परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. पण नियम कुठलाही घ्या, तो नवीन डब्यासाठी असतो. पंचावन्न वर्षांपूर्वी गाडीवर बसलेल्या शिशाची काळजी ज्याच्या हातात पॉलिश पेपर आहे त्यालाच घ्यायची असते, आणि त्या माणसाला ते शिसं आहे हेच कुणी सांगितलेलं नसतं. चाचांनी चाळीस वर्षांत किती जुन्या फियाटा, अॅम्बॅसेडर, जीप कोरड्या घासल्या असतील, याचा हिशेब मी मनात करायला लागले आणि मधेच सोडून दिला.

ठरलं ते असं की सगळं ओलं घासायचं. पण शेडमध्ये ओलं घासलं की ते पाणी मोरीत, मोरीतून गटारात, आणि सांगलीत गटारातलं पाणी कुठं जातं ते शेरीनाल्याच्या काठचं पोरगंही सांगेल. कृष्णेनं गाडी बुडवली म्हणून आम्ही कृष्णेत शिसं सोडायचं, हे मला चालण्यासारखं नव्हतं. गाडीखाली मोठी ताडपत्री अंथरली, कडेनं विटा लावून तिचा वाफा केला. रोजचं गढूळ पाणी मगानं काढून पिंपात भरायचं, त्यात तुरटी फिरवायची. पुराच्या दिवसांत आमच्याकडं प्रत्येक घरी तुरटी फिरवली होती, तीच सवय. सकाळी पिंपात वर निवळ पाणी आणि तळाशी हिरवट-राखाडी चिखल. तेच पाणी पुन्हा घासायला घ्यायचं. चिखल पाटीत वाळवत ठेवायचा. चाचा सुरुवातीला म्हणाले, "ताई, एवढं कोण करत न्हाई ओ." मी म्हटलं, "चाचा, तुम्ही घासा, पिंप मी बघते." आठवड्यानंतर मी पोचायच्या आधीच तुरटी फिरवलेली असायची. दीड महिना लागला. शेवटी कोरडा चिखल भरला तो एका सिमेंटच्या पिशवीत, हाताला जड लागेल इतका.

त्याच दिवसांत डेंटरनं, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्यानं, दाराखालचा डावा फूटबोर्ड कापला. कापताक्षणी आतल्या पोकळीतून सुकलेला गाळ सळसळत खाली आला, दोन ओंजळी भरतील एवढा. साडेतीन वर्षं तो तिथं होता. अप्पा खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी तो हातात घेतला, चिमटीत चुरला, काही बोलले नाहीत.

आता रंग कुठला मारायचा. इथं मी सगळ्यात जास्त अडले.

चाचांचं म्हणणं होतं, ड्युको. आपल्याकडं गाडीच्या रंगाला सरसकट ड्युको म्हणतात, पण मुळात ते ड्यूपाँट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं नाव. १९२३-२४ च्या सुमारास जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर तो पहिल्यांदा आला आणि आठवडे लागणारं रंगकाम तासांवर आलं. गॅरेजवाले त्याला एनसी म्हणतात. थिनर उडून गेला की वाळला. बारा-चौदा हात मारायचे, प्रत्येक दोन-तीन हातांनंतर घासायचं, शेवटी रबिंग करून आरसा. पुढं कुठं खरचटलं तर तेवढ्याच जागी नवीन हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. जुन्या गाड्यांचे शौकीन जगभर याच चमकेसाठी जीव टाकतात. ती चमक पृष्ठभागावर नसते, थोडी आत असल्यासारखी वाटते. मला ती कळते, मलाही ती हवी होती.

पण एनसी गनमधून मारायचा तर त्यात इतका थिनर लागतो की बाहेर पडणाऱ्या दहा भागांतले सात-आठ भाग नुसते हवेत जातात. हे द्रावक सूर्यप्रकाशात वाहनांच्या धुराशी मिसळून जमिनीलगत ओझोन तयार करतात. लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळं तिथं १९६६ मध्येच द्रावकांवर नियम आला. युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशानुसार १ जानेवारी २००७ पासून गाडीच्या वरच्या रंगात लिटरमागं ४२० ग्रॅमपेक्षा जास्त द्रावक चालत नाही. जुना एनसी लॅकर त्यात बसणं शक्यच नाही. मात्र त्याच निर्देशात एक कलम आहे, ते मला फार समंजस वाटलं: ऐतिहासिक आणि सांस्कृतिक मोलाच्या म्हणून मान्यता मिळालेल्या जुन्या गाड्या आणि इमारती यांच्या जपणुकीसाठी सदस्य देश मोजक्या प्रमाणात जुना रंग विकायला आणि घ्यायला एकेकट्याला परवाना देऊ शकतात. बंदीही आहे आणि वारशासाठी अरुंद दारही उघडं आहे. आमच्या बाजारात मी पाहिलेल्या एकाही डब्यावर द्रावकाच्या मर्यादेचा आकडा नव्हता. मला कुणी अडवणार नव्हतं. म्हणून ठरवायचं तेही मलाच होतं.

एक गोष्ट मी घासकाम सुरू व्हायच्या आधीच करून पाहिली होती. कापसाचा बोळा एनसी थिनरमध्ये बुडवून मडगार्डावर घासला. वरचा पांढरा लगेच बोळ्यावर उतरला, म्हणजे तो गॅरेजमधला एनसी. तसाच बोळा ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावरच्या मूळ पिस्त्यावर दोन मिनिटं दाबून धरला. बोळा कोराच राहिला. मूळ रंग लॅकर नव्हताच, भट्टीत तापवून पक्का केलेला एनॅमल असावा. 'ओरिजिनल म्हणून एनसी' हा हट्ट निदान आमच्या गाडीपुरता टिकत नव्हता. मी चाचांना बोळा दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि बराच वेळ गप्प राहिले.

मग मी म्हटलं, "पीयू मारू या. थिनर कमी लागतो."

ते लगेच म्हणाले, "ताई, पीयू नको. पीयू मारला की रात्री छातीत शिट्टी वाजत्या."

हे ऐकलं आणि माझ्या वाचनातलं सगळं एका जागी आलं. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. त्यात डब्याशेजारी छोटी बाटली येते ती हार्डनरची, आणि हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. द्रावक कमी, हवेचं नुकसान कमी, पण गनच्या फवाऱ्यातलं आयसोसायनेट श्वासात गेलं की काही माणसांना दमा जडतो, आणि एकदा शरीरानं त्याची धास्ती घेतली की पुढं अगदी थोडंसंही पुरतं. त्याला वास जवळपास नसतो, त्यामुळं धोका कळत नाही. थिनरचा वास निदान ओरडून सांगतो. युरोपात २४ ऑगस्ट २०२३ पासून असा हार्डनर वापरणाऱ्या प्रत्येक कारागिराला प्रशिक्षण सक्तीचं आहे. चाचा तोंडाला गमछा बांधून दहा-बारा वर्षं पीयू मारत होते. एनसीचा हट्ट चमकेसाठी होताच, पण त्या हट्टाखाली हेही होतं, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडं गेलं असतं.

मी त्यांना मिरजेला घेऊन गेले. छातीच्या डॉक्टरांनी नळीत फुंकायची तपासणी केली, औषध ओढायला देऊन पुन्हा फुंकायला लावलं. मग चाचांना विचारलं, "सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का?" चाचा म्हणाले, "ईदला चार दिवस गन धरत न्हाई, तवा झोप लागत्या." डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की पीयूच्या फवाऱ्याजवळ जायचंच नाही, मास्क लावूनसुद्धा नाही. परत येताना चाचा रिक्षात बाहेर बघत होते. "म्हंजी काम संपलं माझं," एवढंच म्हणाले.

ते मला मान्य नव्हतं. रंग हवेसाठी बरा असणं आणि रंगवणाऱ्यासाठी बरा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण नियमांचं बोलतो तेव्हा पहिलीच मोजतो, असं मला त्या दिवसापासून वाटतं. दोन्ही साधायच्या तर बूथ हवा, म्हणजे फवारा ओढून गाळून घेणारी बंद खोली. शंभर फुटी रोडवर चाळीस पत्र्याच्या शेडना चाळीस बूथ परवडणार नाहीत, पण कुपवाडला सगळ्यांनी मिळून एक बूथ तासावर घेता आला तर परवडेल. हे मी तिथल्या चार मालकांना बोलूनही दाखवलं. दोघांनी मनापासून ऐकलं.

कुपवाड एमआयडीसीत एका वर्कशॉपचा बूथ भाड्यानं मिळाला. गाडी दुरुस्ती आणि रंगकाम केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०१६ च्या वर्गवारीत नारिंगी श्रेणीत होतं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र त्यांच्या भिंतीवर लावलेलं होतं आणि रंगाचा गाळ, फिल्टर, रिकामे डबे ते रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात पाठवत. माझी सिमेंटची पिशवी त्यांनी वजन करून, नोंद करून आपल्या पिंपात घेतली. ती पिशवी हातातून सुटली तेव्हा मला फार हलकं वाटलं.

गन धरणार होता तिथला पंचविशीतला पेंटर. चाचांकडं मी रंगाची छटा जुळवायचं काम दिलं. त्यात हार्डनर लागत नाही, आणि ते काम त्यांच्याइतकं सांगलीत कुणाला येत असेल असं मला वाटत नाही.

मिक्सिंगच्या दुकानात ग्लोव्ह बॉक्सचं झाकणच सोडवून नेलं. त्यावरची जागा आधी हलकं रबिंग करून स्वच्छ केली, रंग मोजायचं मशीन टेकवलं, मशीननं फॉर्म्युला दिला. दुकानात ट्यूबलाइटखाली कार्ड झाकणाशेजारी धरलं, तंतोतंत जुळलं. दुकानदार डबा बंद करायला लागला. चाचा म्हणाले, "थांबा की, उन्हात बघू." बाहेर आलो आणि मला धक्का बसला. उन्हात कार्ड निळसर, थंड दिसत होतं, शेजारचा जुना पिस्ता उबदार. कारण सरळ आहे: आताच्या हिरव्या-पिवळ्या रंगद्रव्यांत शिसं नाही, ती प्रकाश वेगळ्या तऱ्हेनं परत पाठवतात. एका दिव्याखाली जुळलेली जोडी दुसऱ्या दिव्याखाली फुटते. शिसं गेलं ते चांगलंच झालं, पण त्याच्याबरोबर ती ऊबही गेली होती.

चाचा तीन दिवस त्या दुकानात बसले. दुसऱ्या फॉर्म्युल्यात पिवळा वाढवला तर कच्च्या कैरीसारखं झालं. मग त्यांनी चकचकीत पिवळा काढायला लावला आणि त्याजागी ऑक्साइडचा पिवळा, मातीसारखा, घालायला सांगितला. "आता काळा. एकच थेंब." दुकानदारानं काडीनं थेंब सोडला. चाचा ढवळत राहिले, काडी वर काढून डोळे बारीक करून बघत राहिले. "अजून अर्धा." पट्टीवर ओढलं, वाळू दिलं, सकाळच्या उन्हात, दुपारच्या उन्हात, संध्याकाळी दिवेलागणीला, तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी पट्टी माझ्या हातात न देता अप्पांच्या हातात दिली. अप्पांनी ती झाकणावर ठेवली आणि चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. "कडा कुठाय?" म्हणाले. कडा दिसत नव्हती.

वर पारदर्शक क्लिअर मारायची नाही, साधा एका थराचा पीयू मारून नंतर घासून चमक काढायची, हाही चाचांचाच निर्णय. क्लिअर मारली की जुनी गाडी काचेत ठेवल्यासारखी दिसते, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे.

फेब्रुवारीत एका सकाळी बूथ लागला. पावसाळ्यात एनसी मारला असता तर हवेतल्या ओलीनं पांढरा पडला असता. इथं ती चिंता नव्हती. पेंटर पोरानं पूर्ण अंगाचा सूट चढवला, डोक्यावर हवेच्या नळीचा मुखवटा, कमरेला पट्टा. आतला पंखा सुरू झाला. चाचा आणि मी दाराच्या काचेबाहेर उभे. पहिला हात धुक्यासारखा, दुसरा भरून. काचेपलीकडं राखाडी गाडी टपापासून खाली हळूहळू पिस्ता होत गेली. चाचांचा उजवा हात कमरेजवळ नकळत हलत होता, गन धरल्यासारखा, पोराच्या हाताबरोबर डावीकडून उजवीकडं. एकदा पोरगा मडगार्डाच्या वळणावर थोडा घाईनं गेला. "आस्ते," चाचा काचेला म्हणाले.

काम झाल्यावर पोरानं गन टांगली. चाचांनी दाराला हात घातला. मी त्यांचा हात धरला. फवारा दिसेनासा झाला तरी हवेत काही मिनिटं राहतो, आणि आतल्या पोरानंही अजून मुखवटा काढला नव्हता. आम्ही थांबलो. मग ६० अंशांवर अर्धा तास भट्टी, मग निवणं. दार उघडलं तेव्हा दुपार झाली होती.

चाचा आत गेले, बॉनेटवर तळवा ठेवला नाही, फक्त बोटाचा मागचा भाग टेकवला. "चांगला मारलाय," म्हणाले. जरा वेळानं म्हणाले, "ताई, ह्यात माझा हात न्हाई."

आठ दिवसांनी रंग पुरता पक्का झाल्यावर गाडी शंभर फुटी रोडला आली. चाचांनी दोन हजारचा पेपर आदल्या रात्रीच पाण्यात भिजत घातला होता. टपापासून सुरुवात केली, एका दिशेनं, पाणी सोडत, दर चार-पाच ओढींनंतर रबरी पट्टीनं पाणी ओढून उन्हाकडं बघत. पहिल्या दिवशी टप, दुसऱ्या दिवशी बॉनेट. मग रबिंग कंपाउंड, मऊ फडकं, हातानंच, मशीन नाही. ग्लोव्ह बॉक्सचं झाकण आम्ही मुद्दाम रंगवलं नव्हतं. मूळ पिस्ता तिथं तसाच आहे, त्यावर ब्रशनं एक पातळ पारदर्शक हात देऊन बंद केलेला, म्हणजे कुणाच्या बोटाला लागू नये.

पाचव्या दिवशी अप्पा आले. चाचांनी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, ग्लोव्ह बॉक्स उघडून दिला, आणि स्वतः डाव्या दाराची खालची कड फडक्यानं पुसत खाली बसले. तिथं अजून थोडं काम राहिलं होतं.